लगाम कापायचा राहिला

कानशाचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी तो कानशा, कारण दिवसभर त्याच्या हातात कानस असायची आणि हातात नसली की कानावर खोचलेली असायची. झाडं तोडणाऱ्या टोळीतल्या सगळ्या करवत-मशीनच्या चेनला धार लावायची, मशीन तपासायचं आणि ज्याचं त्याच्या हाती द्यायचं, हे त्याचं काम. अंगाने काडी, आवाजाने घोगरा, पण शेडमध्ये त्याच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

नवा माणूस आला की कानशा त्याला समोर बसवून एकदाच सांगायचा. "हे मशीन म्हणजे तलवार नव्हे. तलवार परवडली. ती निदान धरणाऱ्याच्या मानेकडे वळत नाही. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं हे नाक बघ. चेन फिरत असताना नाकाचा वरचा कोपरा कशाला टेकला ना, की पट्टी लाथ मारते. सरळ तुझ्या तोंडाकडे येते, पापणी लवायच्या आत. म्हणून हा पुढे गार्ड दिलाय. पट्टी उसळली की तुझं मनगट गार्डवर आपटतं, ब्रेक लागतो, चेन जागच्या जागी थांबते. हा गार्ड आहे तोवर तुझी मान तुझी आहे."

नवा माणूस मान डोलवायचा, आणि आठवडा होत नाही तोच लगाम लावायचा. लगाम म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. दाट फांद्यांत शिरलं की गार्डला सारख्या काटक्या अडकतात, ब्रेक लागतो, मशीन थांबतं आणि माणूस आई-बहीण काढतो. मग हे शहाणे ट्यूबचं रबर ताणून गार्ड मागच्या दांड्याला बांधून टाकायचे, की ब्रेक लागायलाच नको. कानशा रोज सकाळी खिशातला चाकू काढून ती रबरं कापायचा. "मान जड झालीय का रे तुला?" असं म्हणून कापलेलं रबर ज्याचं मशीन त्याच्या तोंडावर फेकायचा. एकदा तर त्याने खुद्द मुकादमाच्या तोंडावर फेकलं होतं.

शेडमध्ये एक रीत होती. कानशा मशीन पुढे धरून "घे" म्हणत नाही तोवर कुणी हात लावायचा नाही, आणि त्याने "घे" म्हटलं की पुन्हा तपासत बसायचं नाही. तो तपासतो म्हणजे तपासतोच. रात्री दारू पिऊन आपण काय बांधलं नि काय सोडलं, हेसुद्धा लोक लक्षात ठेवायचे नाहीत. कानशा आहे ना, मग झालं.

टोळीतला सगळ्यात तयार गडी म्हणजे कानशाचे दाजी, धाकट्या बहिणीचा नवरा. उंचापुरा, खदखदून हसणारा, कामाला वाघ. पडलेल्या झाडातली कोणती फांदी कुठे तटलीय, कुठे कापली तर कुठे उसळेल, हे तो लांबून सांगायचा. सगळी टोळी त्याच्यावर खूश. घरात तो बायकोला गुरासारखा मारायचा, हे टोळीत निम्म्यांना ठाऊक होतं आणि निम्म्यांनी ठाऊक करून घ्यायचं टाळलं होतं.

कानशाने एकदा जाब विचारला होता. दाजींनी आधी शांतपणे हातातला कप खाली ठेवला आणि मग एकाच गुद्द्यात त्याचं नाक मोडलं. कानशा बहिणीच्याच स्वयंपाकघरात, बहिणीच्याच पायाशी कोसळला. "आमच्या घरात लुडबुड नाही," एवढंच दाजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नेहमीसारखे त्याच्या खांद्यावर हात टाकून हसले. कानशाही हसला. नाक वाकडं राहिलं ते राहिलंच, पण त्या हसण्याची लाज त्याला नाकापेक्षा जास्त दुखायची.

वादळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे बहीण. "दादा, कामावर जाताना इकडे येऊन जा," एवढंच बोलली, आणि तेही तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. दाजी त्याआधीच बाहेर पडले होते. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या जबड्याला टॉवेलात गुंडाळलेला बर्फ होता. डावा डोळा मिटला होता. ओट्यावर एका बशीत दोन दात होते.

"फेकू नको म्हणून सांगतात ना," ती म्हणाली. "दात परत बसवतात म्हणे."

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते कानशाला त्या दिवशी कळलं. तो नुसता त्या बशीकडे बघत राहिला.

"संध्याकाळी मला न्यायला ये," छोटी म्हणाली. "आज खरंच येते. याआधी दोनदा मी माघार घेतली, पण आज नाही घेणार. तो दारू प्यायला बसला की मी मागच्या दाराने निघते. तू कोपऱ्यावर उभा राहा. फक्त त्याला काही बोलू नको. दिवसभर तोंड बंद ठेव. ठेवशील ना?"

"ठेवतो," कानशा म्हणाला.

दिवसभर तोंड बंद ठेवायचं, एवढंच तर काम होतं. संध्याकाळी बहीण सुटणार होती. दुसरं कुणी असतं तर देवाचे आभार मानत मुकाट्याने दिवस ढकलला असता. पण माणसाच्या डोक्यात एकदा राग चढून बसला की त्याला संध्याकाळ फार लांब वाटते.

शेडमध्ये त्या दिवशी झुंबड होती. वादळाने जागोजागी झाडं पाडली होती आणि मुकादम फोनवर ओरडून ओरडून लाल झाला होता. कानशा एकेक मशीन उचलत होता, जमिनीवर टेकवून चालू करत होता, मनगटाने गार्ड ढकलून चेन थांबते का बघत होता. दाजींच्या मशीनवर लगाम होता. जाड, काळा, दोन वेढ्यांचा. मागच्या खेपेला झुडपात काम करताना बांधला असणार.

कानशाचा हात सवयीने खिशातल्या चाकूवर गेला.

"काय मेहुणे, धार लावलीय का नुसतीच कानस कुरवाळताय?" दाजी मागून आले. अंगाला साबणाचा वास, चेहरा ताजातवाना. उजव्या हाताच्या बोटांवर मात्र सोललं होतं, दात लागल्यासारखं.

कानशाने ती बोटं पाहिली. खिशातला हात रिकामाच बाहेर आला. त्याने मशीन उचललं, चेनवरून एकदा अंगठा फिरवल्यासारखं केलं आणि पुढे धरलं.

"घ्या, दाजी."

दाजींनी घेतलं. बघितलंसुद्धा नाही. का बघतील? कानशाने "घ्या" म्हटलं होतं.

एक म्हातारं, चांगलं दोन मिठ्यांत न मावणारं झाड एका घराच्या कुंपणावर आडवं झालं होतं आणि त्याच्या फांद्यांनी अख्खा रस्ता अडवला होता. कानशा सुट्या चेनची पेटी घेऊन टोळीबरोबर गेला, तसा तो मोठ्या कामाला नेहमीच जायचा. दाजींनी झाडाभोवती एक चक्कर मारली. कुंपण आणि बुंधा यांच्या मधे मांडीएवढी एक फांदी धनुष्यासारखी वाकून अडकली होती. "हिच्यात जोर आहे," दाजी म्हणाले. "सगळे मागे व्हा. आतल्या बाजूने थोडं थोडं कापून जोर काढतो." काम त्यांना येत होतं, त्यात वाद नाही.

ते बुंध्यावर चढले. मशीन गुरगुरलं. लाकडाचा भुसा उडायला लागला.

कानशाने फक्त एक हाक मारायची होती. "दाजी, थांबा, लगाम राहिलाय." चार शब्द. दोनदा त्याने तोंड उघडलं. दुसऱ्यांदा दाजींनीच मशीन मंद केलं, चेहऱ्यावरची जाळी वर सरकवली आणि घाम पुसत खालच्यांना म्हणाले, "काल बायकोच्या दाताच्या डॉक्टरचं काम मीच करून टाकलं. फुकटात!" दोघं-तिघं हसले. फांद्यांचा दोर धरणारा दोरवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. दाजींनी जाळी खाली ओढली.

कानशाने तोंड मिटलं. मर मेल्या, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं. उगाच सफाई देण्यात अर्थ नाही. त्याला त्या घटकेला तेच हवं होतं.

आणि तेच झालं. फांदीच्या मागे, दिसणार नाही अशी, दुसरी एक फांदी होती. पट्टीचं नाक तिला टेकलं. मशीनने लाथ मारली. दाजींचं मनगट गार्डवर आपटलं, पण गार्ड बांधलेला होता, तो तसूभर हलला नाही. चेन फिरतच राहिली. मान त्यांनी वाचवली, कशी कुणास ठाऊक, पण डावा खांदा पुढे आला आणि चेन दंडात शिरली. शर्टाच्या चिंध्या, मांस, आणि मग हाडावर घासल्याचा एक किरटा आवाज. अर्धवट कापलेल्या फांदीत राहिलेला जोर त्याच क्षणी सुटला. ती सपकन वर आली आणि दाजींच्या कमरेत बसली. हाड मोडल्याचं रस्त्याच्या पलीकडे ऐकू गेलं. दाजी उडाले आणि रस्त्यावर पालथे पडले. मशीन बाजूला पडून बंद झालं.

रक्त पिचकारीने उडत होतं. दंड थोड्याशा मांसावर लोंबत होता. दोरवाला तिथेच ओकला. मुकादम दोन्ही हात डोक्याला लावून "अरे, अरे, अरे" करत गोल फिरत होता. हललं कोण? कानशा. आपण धावलो कधी हेही त्याला कळलं नाही. त्याने दाजींना उताणं केलं, मूठ आवळून काखेत खुपसली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. दुसऱ्या हाताने कमरेचा पट्टा काढून दंडाला वर आवळला, दाताने ओढला. पिचकारी बारीक झाली, मग नुसतं पाझरत राहिलं.

दाजी शुद्धीवर होते. त्यांची नजर आधी कानशावर आली, मग बाजूला पडलेल्या मशीनवर गेली, त्या काळ्या रबरावर थांबली आणि पुन्हा कानशावर आली. ओठ पांढरेफटक झाले होते.

"तू बघितलंस," ते म्हणाले.

कानशाची मूठ काखेत होती. उचलली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. घसरली म्हटलं असतं. सकाळपासून हवं होतं ते सगळं त्या एका मुठीत आलं होतं. पण आयुष्यभर माणसांच्या माना वाचवायची सवय लागलेला हात तो. तो काही उठेना. कानशा रडत होता, शिव्या देत होता आणि दाबत होता. रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत राहिला. नंतर त्याची बोटं दुसऱ्याला सोडवावी लागली.

डावा हात खांद्याखाली कापला. कंबर खिळ्यापट्ट्यांनी जोडली. सुरक्षेचा साहेब इस्पितळात विचारायला आला, तेव्हा कानशा दाराशी उभा होता आणि त्याची पाचावर धारण बसली होती. आता दाजी बोलणार आणि आपण आत जाणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

"रबर मी बांधलं साहेब," दाजी खाटेवरून म्हणाले. "जागेवर गेल्यावर बांधलं. कानशाने दिलं तेव्हा नव्हतं. माझा जीव वाचवला त्याने. देवमाणूस आहे."

साहेब कानशाच्या पाठीवर थाप मारून गेला. दाजींनी बोटाने जवळ बोलावलं. कानशा वाकला.

"आता माझ्या घरात काय चालतं त्यावर तू चकार शब्द काढायचा नाहीस," दाजी हळूच म्हणाले. "नाही तर मला सगळं आठवेल."

आणि छोटी? छोटी तिकडे बाहेर बाकड्यावर बसली होती. जबडा अजून सुजलेला. कानशाने तिला म्हटलं, "चल, आता तरी चल." तिने मान हलवली.

"आता कशी येऊ दादा? त्याला उठता येत नाही. पाणी कोण पाजणार, अंग कोण पुसणार? अशा पडलेल्या माणसाला टाकून गेले तर मलाच शांत झोप लागणार नाही." आणि ती दाजींसाठी गरम पाणी आणायला गेली.

म्हणजे जी संध्याकाळी सुटणार होती, तिला कानशाने स्वतःच्या हाताने जन्माची बांधून घातली. हे त्याला तिथेच, त्या फिनेलच्या वासात उभं असताना कळलं आणि भिंतीला डोकं टेकवून तो ओक्साबोक्शी रडला. लोकांना वाटलं, दाजींसाठी रडतोय.

पुढे दाजी घरी आले. खाटेवर उताणे पडून असत, म्हणून घासही भरवावा लागायचा. उजवा हात धडधाकट होता, आणि मारायचा तर तो उजव्यानेच मारायचा. आता त्याला उठायचीही गरज नव्हती. छोटी घास भरवायला वाकली की तिचा कान आपसूक त्याच्या हाताच्या टप्प्यात यायचा. मीठ कमी पडलं, फटका. पाणी गार आलं, फटका. ती लांब राहून भरवू शकत नव्हती आणि न भरवता राहू शकत नव्हती. कानशा दर सुट्टीला जायचा, खुर्चीवर बसायचा, चहा प्यायचा आणि तिच्या गालावरची बोटं मोजणं टाळायचा. दाजी त्याच्याकडे बघून हसायचे. एकदा त्यांनी मुद्दाम कानशाच्या देखत तिच्यावर हात उचलला. कानशा मूग गिळून बसला. घरी जाऊन त्याने भिंतीवर गुद्दे मारले, हाताची सालं निघेपर्यंत.

एका सुट्टीला छोटी ओट्याशी भांडी घासत होती. कानशा दारात उभा होता. आतून दाजी खाकरत होते. ती पाठमोरीच, सहज बोलल्यासारखी म्हणाली, "दादा, एक सांगू? हे माझ्यामुळेच झालं."

"काय?"

"मी त्या दिवशी जायचं ठरवलं होतं ना. सकाळभर मनात म्हणत होते, हा मेला तर बरं होईल. आणि बघ, त्याच दिवशी. माझाच तळतळाट लागला. म्हणून मी आता मार खाताना काही म्हणत नाही. फेडतेय, असं वाटतं."

कानशा तिथेच जमिनीवर बसला.

"तुझा तळतळाट नाही गं," तो म्हणाला. "लगाम होता मशीनवर. मी बघितला. रोज कापतो, त्या दिवशी नाही कापला. मुद्दाम नाही कापला. आणि त्यांच्या हातात दिलं."

नळ वाहत राहिला. छोटी वळली. साबणाच्या हातांनी तिने कानशाच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग दुसरी, मग तिसरी. आयुष्यात तिने कुणावर हात उचलला नव्हता, त्यामुळे तिला थांबायचं कुठे हे कळत नव्हतं. कानशाने तोंड फिरवलं नाही. त्याच्या वाकड्या नाकातून रक्त आलं तेव्हा ती थांबली, धापा टाकत.

"मी तुझ्याकडे संध्याकाळ मागितली होती!" ती ओरडली. "एक दिवस तोंड बंद ठेव म्हटलं होतं. ते तू ठेवलंस, पण नको तिथे ठेवलंस! त्याला मारायचं तुझ्या मनात होतं. मी कधी म्हटलं होतं? मला फक्त जायचं होतं! आणि इतके महिने मी स्वतःला खातेय, रोज मार खातेय, आणि तू इथे बसून चहा पितोस?"

"काय चाललंय गं?" आतून दाजी गरजले. "इकडे ये!"

"येत नाही!" छोटी तितक्याच जोराने म्हणाली. घरात तो आवाज पहिल्यांदा निघाला असेल.

"उद्या साहेबांना सांगतो मी," कानशा म्हणाला. "सगळं सांगतो. मला काय व्हायचं ते होऊ दे. तू आमच्याकडे चल. आत्ता चल."

"तुझ्याकडे?" तिने हात पुसले. "एका घरातून उठून दुसऱ्या तसल्याच घरात? नको. मी जिथे कामाला जाते त्या बाईंची वरची खोली रिकामी आहे, त्या केव्हाच्या बोलावतायत. तुम्ही दोघं एकमेकांना छान शोभता. राहा."

तिने चपला घातल्या. दारात क्षणभर थांबली. रडणं आणि हसणं यांच्या मधलं काहीतरी तिच्या मोडक्या दातांच्या तोंडावर होतं.

"अंघोळ राहिलीय त्यांची," ती म्हणाली. "पाणी कोमट लागतं. आता तूच घाल."

ती गेली. जिन्यावर तिची पावलं भराभर खाली उतरत गेली आणि एकदाही अडखळली नाहीत. बहीण सुटली होती. तिला पुन्हा भेटता येईल का, याची कानशाला खात्री नव्हती. दोन्ही एकदमच खरं होतं.

मग तो उठला. पाणी तापवलं, कोपर बुडवून कोमट आहे का बघितलं, आणि बादली घेऊन आत गेला.

"ती कुठाय?" दाजी म्हणाले.

"गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली. आणि उद्या मी साहेबांकडे जातोय. तुम्हाला जे आठवायचंय ते आठवा."

कानशाने दाजींच्या पाठीमागे हात घालून त्यांना उठवून बसवलं, शर्ट काढला, आणि तुटक्या खांद्यापाशी, जिथे आपली मूठ रुतली होती तिथे, ओला कपडा फिरवायला वाकला. त्याबरोबर दाजींचा उजवा हात उठला आणि सगळ्या ताकदीने त्याच्या कानशिलावर बसला. कानात शिटी वाजली. बादली कलंडली.

कानशाने बादली सरळ केली, फरशी पुसली आणि पुन्हा पाणी तापवायला गेला.